जागल, स्प्रिंकलर आणि रूनस्केप

हरभऱ्याला स्प्रिंकलर लावले की पुढचे दोन-तीन तास माणसाला काहीच काम नसते. पाइप जोडले, मोटार सुरू केली, सगळे नोझल फिरून राहिले का ते बॅटरी मारून पाहिलं, एखाद्यात कचरा अडकला असला तर काडी घालून मोकळा केला, की मग बसा धुऱ्यावर पाइप बदलायची वेळ होईपर्यंत. आमच्याकडं आर्णीच्या पट्ट्यात शेतीची थ्री फेज लाइन एक हप्ता दिवसाची अन् एक हप्ता रातची असते, म्हणजे रब्बीतल्या अर्ध्या राती वावरातच, आणि ओलित नसलं तरी रानडुकरं अन् रोही आहेतच, जागलीला जावंच लागते. बाकी पोट्टे अशा वेळी रील पाहतात नाहीतर बीजीएमआय, ती बंदुकीची गेम, खेळतात, पण आमच्या वावरात रेंजच्या दोन दांड्या, त्यातली एक वाऱ्यासोबत जाते-येते, तिथं बीजीएमआय म्हणजे नुसतं मरायला उतरणं आहे. मी ओल्ड स्कूल रूनस्केप खेळतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इंग्लंडमधली गेम आहे, २००१ मधे गोवर भावांनी काढलेली, ब्राउझरमधेच चालायची म्हणून यवतमाळच्या नेट कॅफेतल्या थकलेल्या कॉम्प्युटरवर पण चालायची, माझी ओळख तिथलीच. मग कंपनीनं तिच्यात इतके बदल केले की जुने लोक बोंबलायला लागले, तेव्हा २०१३ मधे लोकांचं मत घेऊन २००७ सालचा सांभाळून ठेवलेला बॅकअप काढला आणि तीच जुनी गेम ओल्ड स्कूल नावानं पुन्हा सुरू केली, २०१८ मधे ती मोबाइलवर आली. दिसायला एकदम भंगार, माणसाचं नाक कुठं संपते अन् तोंड कुठं सुरू होते समजत नाही. पण हलकी आहे आणि हळू आहे. सर्व्हरचा एक ठोका ०.६ सेकंदाचा, सगळं त्या ठोक्यावर चालते, त्यामुळे रेंज थोडीफार मागंपुढं झाली तरी आपलं काही बिघडत नाही. झाडावर बोट टेकवलं की आपला गडी कुऱ्हाड चालवत राहतो, मासोळ्या पकडायला बसवला की बसून राहतो, आपण मधूनमधून पाहायचं. एका स्किलची ९९ लेव्हल गाठायला १ कोटी ३० लाखाच्या वर एक्सपी, म्हणजे अनुभवाचे गुण, लागतात आणि त्यातही गंमत अशी की ९२ लेव्हलला पोचलं की तेव्हा कुठं अर्धं काम झालेलं असते. हे मी बाबांना एकदा समजावून सांगितलं. सगळं ऐकून घेतलं अन् म्हणाले, "अन् पैसे कितीक देतेत याचे?" काहीच देत नाही म्हटलं तर उठून मोटार पाहायला गेले.

इकडं रात्रीचा एक म्हणजे थंडीच्या दिवसांत इंग्लंडात संध्याकाळचे साडेसात, त्यामुळं आमच्या क्लॅनचे, म्हणजे गेममधल्या टोळीचे, लोक नेमके त्याच वेळी जेवूनखाऊन ऑनलाइन येतात. एकदा चॅटमधे कोणीतरी विचारलं की काय करून राहिला, मी लिहिलं हरभऱ्याला पाणी देऊन राहिलो. तर एकानं विचारलं, हे पीक कधी आलं गेममधे, कोणत्या अपडेटमधे? त्याला खरंच वाटलं की मी गेममधल्या फार्मिंगचं बोलतो आहे. मग मी फ्लॅश मारून स्प्रिंकलरचा फोटो क्लॅनच्या डिस्कॉर्डवर, म्हणजे गप्पांच्या ॲपवर, टाकला, तेव्हापासून तिथं माझं नाव चिकपी, म्हणजे इंग्रजीतला हरभरा, पडलं आहे अन् ते आता जात नाही.

फार्मिंगचं निघालंच आहे तर सांगूनच टाकतो, कारण हे स्किल बनवणाऱ्यानं वावर पाहिलेलं आहे अशी मला दाट शंका आहे. तिथं बटाटा ४० मिनिटात होते, हर्बला, म्हणजे औषधी पाल्याला, ८० मिनिटं लागतात, आणि तुम्ही गेम बंद केली तरी पीक वाढत राहते, रोग पण येत राहतो. कंपोस्ट टाकलं तर रोग कमी. मक्याशेजारी बुजगावणं उभं केलं तर मका सुरक्षित. आणि शेजारच्या फुलांच्या तुकड्यात झेंडू लावला तर बटाटा, कांदा अन् टमाट्याला रोग लागत नाही, हे पाहून मी तर चाटच पडलो, कारण टमाट्यात अन् कपाशीत अळीसाठी सापळा पीक म्हणून झेंडू लावा हे कृषी सहायक आम्हाला कितीक वर्षांपासून सांगून राहिले आणि गावात कोणी लावत नाही. तिथं मात्र पोरं गुपचूप लावतात. मजुरीचे भाव पण पाहा, टोपलीभर टमाटे दिले की तिथला माळी ओकचं झाड पूर्ण मोठं होईपर्यंत सांभाळतो. आमच्या गावात सालदार कोणत्या भावात भेटते, अन् मुळात भेटते का, हे इथं लिहीत नाही, बाबा पण वाचतात कधीकधी. (मेंबरशिपचे पैसे कोण भरते असं विचारणाऱ्यांसाठी, गेममधलं सोनं देऊन बॉण्ड, म्हणजे मेंबरशिपचं कूपन, घेता येतो, त्यात भागते, घरचे पैसे जात नाहीत.)

तर मुद्दा हा, की अशा गेममधे लोक बोलतात. बोलायचं म्हणून नाही बोलत, हात रिकामे असतात म्हणून बोलतात. झाड पडायची वाट पाहायची असते, मासोळी लागायची वाट पाहायची असते, मग शेजारी उभा असलेला कोणी पण असो, त्याच्याशी बोलणं निघते. मला हे आधी फक्त आपलं निरीक्षण वाटायचं, पण या गेमांचा इतिहास वाचला तर जागोजागी तेच दिसते.

अगदी पहिली घ्या. १९७८ मधे एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ नावाच्या विद्यार्थ्यानं मड नावाची गेम लिहायला घेतली अन् मग रिचर्ड बार्टलनं ती पुढं नेली. चित्र नाही काही नाही, नुसते शब्द, तुम्ही एका अरुंद रस्त्यावर उभे आहात वगैरे, आणि त्याच रस्त्यावर दुसरे खरे लोक. विद्यापीठाचा कॉम्प्युटर दिवसा कामात असायचा म्हणून बाहेरच्या लोकांना त्यावर रात्री उशिरापासून पहाटेपर्यंतच येऊ द्यायचे. हे वाचलं तेव्हा मी हसलो, म्हणजे त्यांची पण लाइन रातचीच होती!

एव्हरक्वेस्ट १९९९ ची. त्यात जादूगाराची ताकद संपली की खाली बसून ध्यान करावं लागायचं, आणि सुरवातीच्या काळात ध्यान करताना मंत्राचं पुस्तक पूर्ण स्क्रीनवर उघडं राहायचं, ३५ लेव्हलपर्यंत. म्हणजे राक्षस येऊन राहिला का मागून हे पण दिसत नव्हतं, सोबतच्यानं सांगावं लागायचं. आता याला वाईट डिझाइन म्हणायचं की काय म्हणायचं ते म्हणा, मी स्वतः ती गेम त्या काळात खेळलेलो नाही, पण त्या काळचे लोक आज पन्नाशीत आहेत आणि अजून एकमेकांच्या लग्नाकार्याला जातात असं दिसते, कारण काय, तर पुस्तक उघडं ठेवून बसल्याबसल्या गप्पा मारल्या.

मग कंपन्यांना वाटलं की वाट पाहणं म्हणजे ग्राहकाला त्रास. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट २००४ मधे आली, डंजनमधे, म्हणजे राक्षसांच्या गुहेत, लढायला पाच जण जमवायचे तर शहराच्या चौकात उभं राहून ओरडावं लागायचं, जमले की पायी गुहेपर्यंत जायचं, त्या रस्त्यात ओळख व्हायची. डिसेंबर २००९ मधे त्यांनी डंजन फाइंडर आणला. बटण दाबलं की वेगवेगळ्या सर्व्हरवरचे पाच अनोळखी लोक थेट गुहेत, वीस मिनिटात काम खतम, कोणी कोणाला नमस्कार पण नाही करत. आणि उद्धटपणा केला तरी काय होते, तो माणूस तुमच्या सर्व्हरवरचा नाहीच, परत भेटणार नाही. हे फार सोयीचं झालं आणि लोकांनी ते दणकून वापरलं, अन् त्याच लोकांनी पुढं दहा वर्षं रडून २०१९ मधे जुनं क्लासिक परत आणायला लावलं. लोकांना काय पाहिजे ते लोकांनाच माहीत नसते, असं मी म्हणत नाही. सोय पण पाहिजे अन् गर्दी पण पाहिजे, दोन्ही खरंच पाहिजे असते, माणूस तसाच आहे.

रूनस्केपात पण तेच झालं. आधी माल विकायचा तर बँकेपुढं उभं राहून भाव ओरडायचा, दुसरा कमी सांगणार, घासाघीस, मधेच एखादा लबाड येऊन तुमच्या चिलखताला फुकटात सोनेरी काठ लावून देतो म्हणणार आणि घेऊन पळणार. पुरता आठवडी बाजार होता तो. २००७ च्या शेवटी ग्रँड एक्स्चेंज आलं, भाव टाका, माल टाका, झोपा, सकाळी पैसे जमा. मजा म्हणजे ओल्ड स्कूल सुरू झाली तेव्हा हे एक्स्चेंज तिच्यात नव्हतं कारण बॅकअप त्याच्या आधीचा, आणि मग २०१५ मधे लोकांनी स्वतः मत देऊन ते आणलं. मी पण हो म्हणूनच मत दिलं असतं. बँकेपुढं ओरडत बसायला आता कोणाले वेळ आहे.

मत देण्यावरून आठवलं. ओल्ड स्कूलमधे नवीन काही आणायचं तर खेळणाऱ्यांचं मतदान होते आणि कितीक वर्षं पास व्हायला ७५ टक्के लागायचे. २०१९ मधे वॉर्डिंग नावाचं नवीन स्किल मताला टाकलं, तीनपैकी दोघं हो म्हणाले, तरी पडलं. आमच्या ग्रामसभेत कोरम भरत नाही म्हणून सभा तहकूब होते अन् तहकूब सभेला कोरमच लागत नाही, म्हणजे चार डोकी बसून ठराव पास, आणि इकडं एका खेळात बोटी चालवायच्या का नाही यावर दुनिया मत देते. बोटी आल्या पण शेवटी, सेलिंग, २०२३ मधे मतदान झालं अन् २०२५ च्या नोव्हेंबरात गेममधे आलं. बाबांनी स्क्रीनवर समुद्र पाहिला तर म्हणाले, "तू कधी पाहला बे समुद्र?"

आता चर्चेच्या जागांबद्दल, कारण माझं म्हणणं असं आहे की तिथं पण हाच प्रकार झाला.

जुन्या फोरमचा, म्हणजे चर्चेच्या साइटचा, नियम साधा असायचा, ज्या धाग्यावर, म्हणजे चर्चेवर, शेवटचं उत्तर आलं तो धागा वर. मग तो धागा कधीचा का असेना. मायबोली १९९६ ची, मिसळपाव २००७ ची, दोन्हीकडं मी वर्षानुवर्षं रोमात राहूनच, म्हणजे स्वतः काही न लिहिता, वाचलं, आणि तिथं अचानक दहा वर्षं जुना धागा वर येतो, खाली कोणीतरी लिहितो "धागा वर काढतोय", मग ज्यांनी तेव्हा भांडण केलं होतं त्यातला एखादा येऊन म्हणतो की आता माझं मत बदललं आहे. असं मत बदललेलं मी दुसरीकडं कुठंच पाहिलं नाही! काड्या टाकणारे होते, डुआयडी, म्हणजे एकाच माणसाची दुसरी खोटी नावं, होते, पॉपकॉर्न घेऊन बसणारे होते, पण काडी टाकणाऱ्याला पण माहीत असायचं की आपण लिहिलेलं इथंच राहणार आहे अन् उद्या कोणीतरी लिंक आणून तोंडावर मारणार आहे.

रेडिट या इंग्रजी चर्चेच्या साइटचं गणित वेगळं. मतं किती पडली अन् पोस्ट किती जुनी झाली यावर ती वर-खाली होते, त्यामुळे कितीही चांगली चर्चा असो, दुसऱ्या दिवशी खाली. बरीच वर्षं तर सहा महिन्यांनंतर पोस्टला कुलूपच लागायचं, उत्तरच देता येत नव्हतं. म्हणून तिथं तोच प्रश्न दर हप्त्याला येतो अन् तेच लोक तेच उत्तर देतात, अन् मग एक जण वैतागून लिहितो की आधी सर्च करा. आणि सर्वात लवकर लिहिलेल्या जोकला सर्वात जास्त मतं, हे तर आहेच. ज्यानं अर्धा तास बसून नीट लिहिलं त्याचं उत्तर खाली, कारण तो अर्धा तास उशिरा आला.

डिस्कॉर्ड २०१५ मधे गेमवाल्यांसाठीच निघालं, बोलायला फार चांगलं आहे, मी रोज वापरतो. पण आता सगळ्या गेमांची माहिती तिथं गेली आहे आणि तिथली कोणतीच गोष्ट गुगलवर दिसत नाही. एखाद्या बॉसला, म्हणजे गेममधल्या मोठ्या राक्षसाला, कसं मारायचं हे तिथं कोणीतरी रात्री अडीच वाजता सविस्तर लिहिते, सकाळी त्यावर चारशे मेसेज अन् मांजराचे फोटो. आमचं नशीब की रूनस्केपचं विकी, म्हणजे खेळणाऱ्यांनीच लिहिलेला माहितीकोश, चांगलं आहे, २०१८ मधे त्या लोकांनी जाहिरातींनी भरलेल्या जुन्या जागेतून ते उचलून स्वतःच्या साइटवर नेलं, आणि अजून माणसं बसून एकेक आकडा दुरुस्त करतात, कोणी पैसे देत नाही. त्यांना दंडवत.

लोक नेहमी म्हणतात की नेटवर भांडणं होतात कारण नाव लपवून लिहिता येते. वॉरक्राफ्टवाल्यांनी २०१० च्या जुलैत हेच डोक्यात घेऊन जाहीर केलं की आता आमच्या फोरमवर खरं नाव दिसणार. लोक इतके भडकले, अन् कंपनीच्या एका माणसानं भरवसा दाखवायला स्वतःचं खरं नाव टाकलं तर लोकांनी लगेच त्याची सगळी कुंडली शोधून काढली, की तीन दिवसात माघार घ्यावी लागली. ज्यांना अजूनही खऱ्या नावाचा उपाय पटतो त्यांनी आमच्या गावच्या ग्रुपमधे या. तिथं सगळ्यांचं नाव, बापाचं नाव, कोणाचं वावर कोणत्या नाल्याला लागून आहे, सगळं सगळ्यांना माहीत आहे, आणि पांदण रस्त्यावरून जे भांडण होते ते पाहून कोणत्याही डुआयडीनं हात जोडावे.

त्याच मडवाल्या बार्टलचा १९९६ चा एक लेख प्रसिद्ध आहे, खेळणारे चार प्रकारचे असतात म्हणून, कमावणारे, फिरून शोधणारे, गप्पा मारणारे अन् दुसऱ्याला त्रास देणारे. लेख सगळ्यांना माहीत असते, पण तो निघाला कुठून हे कोणी सांगत नाही. मडच्या जुन्या खेळाडूंच्या फलकावर १९८९ च्या नोव्हेंबरात कोणीतरी विचारलं की लोकांना या खेळातून नेमकं काय पाहिजे असते, आणि त्या एका प्रश्नावर मे १९९० पर्यंत चर्चा चालली, शेकडो पोस्टी. सात महिने! मग त्यानं ते सगळं वाचून त्याचं सार काढलं. आज हा प्रश्न कुठंही टाका, संध्याकाळपर्यंत चर्चा संपलेली असते, कोणी वाचून सार काढेल असं त्यात काही जमतच नाही.

आता आमच्या शेतकरी ग्रुपचं सांगतो, व्हॉट्सॲपचा, तालुक्याचे लोक आहेत त्यात. तिथं मी एक प्रयोग करतो. विकी बनवणारा वॉर्ड कनिंगहॅम, त्याच्या नावानं एक नियम नेटवर फिरते, की बरोबर उत्तर पाहिजे असलं तर प्रश्न विचारू नका, चुकीचं उत्तर टाका. तर कापसाचा आज काय भाव आहे असं विचारलं तर कोणी बोलत नाही, अंगठे येतात फक्त. मी भाव मुद्दाम शंभर रुपये कमी करून टाकतो, "आज एवढ्यानं गेला म्हणते," की पाच मिनिटात तिघंजण काटापट्टीचा फोटो घेऊन हजर, एक जण तर व्हॉइस मेसेज करून "कोन सांगितलं बे तुले" पासून सुरू होतो. शंभर टक्के चालते हे.

पण जे चालत नाही ते पण सांगतो. दर वर्षी डिसेंबरात एक फोटो येतो, वाळलेलं हरभऱ्याचं झाड, अन् खाली "काय मारू?" ती मर असते. मर जमिनीतल्या बुरशीची, झाड वाळल्यावर वरून काय फवारणार, त्याचा उपाय पेरणीच्या आधी असते, बियाण्याला ट्रायकोडर्मा, म्हणजे मित्रबुरशी, चोळायचं, वाण जॅकी ९२१८ सारखं मर सहन करणारं घ्यायचं, त्याच वावरात दर साली हरभरा नाही टाकायचा. हे ग्रुपमधले दोन-तीन जाणते लोक दर डिसेंबरात नीट लिहितात, मोठ्या मनानं लिहितात, अन् जानेवारी लागेपर्यंत ते वाहून जाते. ज्याला ऑक्टोबरात पाहिजे त्याला ते सापडत नाही, तो कृषी केंद्रात जातो, तिथला पोरगा जे हातात देईल ते घेऊन येतो, आणि डिसेंबरात पुन्हा फोटो. हाच जर जुन्या पद्धतीचा फोरम असता तर कोणीतरी पेरणीच्या तोंडावर एक ओळ लिहिली असती, "धागा वर काढतोय", अन् मागच्या पाच वर्षांचे फोटो, उत्तरं, भांडणं, कोणाचं किती गेलं, सगळं एका जागी वर आलं असतं. बॉसला कसं मारायचं ते हरवलं तर माझा गेममधला एक जीव जातो, फुकटचा असतो तो. इथं एकराचा खर्च जाते.

ग्रुपमधे वर पिन करा म्हणून ॲडमिनला सांगून पाहिलं, पण पिनच्या जागेसाठी तिथं आधीच एका पुढाऱ्याचा वाढदिवस अन् पीक विम्याची तारीख यांची मारामारी चालू असते. म्हणून मग मागच्या थंडीत, पाइप बदलायच्या मधल्या वेळात, मी त्या जाणत्या लोकांचे सगळे मेसेज वर जाऊजाऊ शोधले, एकाखाली एक लावले आणि एक मोठा मेसेज करून मोबाइलात ठेवला आहे. ऑक्टोबरात पेरणीच्या आधी टाकतो. त्याच्या बरोब्बर खाली कोणीतरी गुलाबाच्या फुलावर शुभ सकाळ लिहून टाकणार हे पण ठरलेलं आहे, मग मी परत टाकीन, अन् तरी कोणी पाहिलं नाही तर ट्रायकोडर्मा डिसेंबरात फवारायचं असते असं लिहून टाकीन, म्हणजे येतील सगळे धावत.